पालाश फक्त फळांसाठी?

‘नत्र पानांना, स्फुरद मुळांना, पालाश फळाफुलांना.’ नवी मुंबईतील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा तक्ता पाहिला. तक्ता सुबक होता, पाठ करायलाही सोपा. पण त्यातील तिसरा भाग विद्यार्थ्यांची दिशाभूल करतो.

पालाश म्हणजे पोटॅशियम. नत्र प्रथिनांचा आणि स्फुरद डीएनएचा घटक बनतो. पोटॅशियम मात्र पेशीरसात आयनाच्या रूपातच राहते आणि झाडभर फिरते. ते कमी पडले की जुन्या पानांतून कोवळ्या पानांकडे जाते. म्हणून जुन्या पानांच्या कडा आधी करपतात. फळ धरण्याची वाट ही कमतरता पाहत नाही!

पाण्याचा तोल राखण्यातही पोटॅशियमचा वाटा मोठा आहे. पर्णरंध्राच्या रक्षक पेशींत ते शिरले की पाठोपाठ पाणी शिरते, पेशी फुगतात आणि रंध्र उघडते. आर. ए. फिशर यांनी १९६८ साली पानाच्या सोललेल्या पापुद्र्यावर हे दाखवले.

शाळेतही हे करून पाहता येईल. पावसाळ्यात कुंपणाशी उगवणारा केना घ्या. पानाच्या खालच्या बाजूचा एक पापुद्रा ऊर्ध्वपातित पाण्यात, दुसरा त्याच पाण्यात केलेल्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात (लिटरला सुमारे ४ ग्रॅम) दोन-तीन तास उजेडात ठेवा. मग दोन्हींतील रंध्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

त्यानंतर तक्त्यातील ते वाक्य मुलांनाच दुरुस्त करू द्यावे.