कुलूप तुटलं, दार अजून अडतंय : एचडीसीपीवरचा 2001 चा पेपर

तुमच्यापैकी बरेच जण विचारतात, "पेपर वाचायचा म्हणजे नेमकं करायचं काय?" आज एक वाचूया. माझ्या विषयातला नाही, घरचा टीव्ही रुसला म्हणून वाचनात आला.

सेट-टॉप बॉक्स, त्यातून साउंडबार, त्यातून टीव्ही अशी आमची जोडणी. सिनेमा लावला की कधी चित्र यायचं, कधी काळा पडदा आणि त्यावर एचडीसीपीची त्रुटी. दुकानदार म्हणाला, केबल बदला. नऊशे रुपयांची आणली, चित्र आलं! दोन दिवसांनी पुन्हा काळं. वैतागून जुनीच केबल लावली, तर तीही चालली.

इथे जरा थांबा. केबल काढून लावली की उपकरणं एकमेकांची ओळख पहिल्यापासून तपासतात. म्हणजे माझ्या "प्रयोगात" दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, केबल आणि ओळखतपासणी. जुनी केबल काढून तीच परत लावणं हा कंट्रोल होता, आणि तो मी नऊशे रुपये घालवल्यानंतर केला. मदतपुस्तिका "केबल काढून पुन्हा लावा" म्हणतात ते बरोबरच आहे. कारण मात्र सांगत नाहीत, म्हणून आपण उपाय शिकतो आणि निदान चुकवतो.

आता पेपर. क्रॉस्बी, गोल्डबर्ग, जॉन्सन, साँग आणि वॅग्नर या पाच जणांनी 2001 मध्ये इंटेलच्या या योजनेची चिरफाड केली. त्या वेळच्या योजनेत प्रत्येक उपकरणाकडे 56 बिटांच्या 40 गुप्त किल्ल्या असतात, आणि एक 40 बिटांचा जाहीर ओळखक्रमांक, त्यात 20 एक आणि 20 शून्य. समोरच्याच्या क्रमांकात जिथे एक आहे, त्या जागेवरच्या आपल्या किल्ल्यांची बेरीज करायची. दोन्हीकडे उत्तर सारखं आलं की ओळख पटली. नुसती बेरीज, बरं का! दहावीच्या बीजगणितातलं पहिलंच प्रकरण आठवा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. इथे चलं 40. त्यामुळे एकमेकांपासून रेषीयदृष्ट्या स्वतंत्र अशी साधारण 40 उपकरणं फोडली, तर सगळ्या किल्ल्या जिच्यातून निघतात ती मूळ सारणीच हाती येते. मग हव्या त्या उपकरणाची नक्कल करता येते, नवे क्रमांक बनवता येतात आणि काळ्या यादीला काही अर्थ उरत नाही.

मला या पेपरचं आवडतं ते हे, की तो एकच प्रश्न विचारतो आणि तो पुरा करतो. नवं गणित शोधल्याचा आव नाही. या जातीच्या योजनेला ठरावीक संख्येपलीकडची फितुरी झेपत नाही हे आधीपासून माहीत होतं. लेखकांनी फक्त विचारलं, "बाजारात लाखो उपकरणं जाणार, मग 40 ची मर्यादा कशी पुरेल?" संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना असा प्रश्न शोधा. त्याच वर्षी नील्स फर्ग्युसन यांनीही ही योजना फोडल्याचं सांगितलं, पण अमेरिकेच्या 1998 च्या कॉपीराइट कायद्याच्या धास्तीने निष्कर्ष छापले नाहीत. एकाच निष्कर्षाचं एका जागी पेपर होणं आणि दुसऱ्या जागी मौन होणं, हेही संशोधनाच्या इतिहासातच येतं.

सप्टेंबर 2010 मध्ये मूळ सारणी इंटरनेटवर आली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्य केलं. पेपर बरोबर ठरला. माझी तक्रार इथून सुरू होते. पेपरच्या जगात दोनच पात्रं आहेत, कुलूपवाला आणि चोर. पैसे भरून सिनेमा बघणारी माझी आई त्यात कुठेच नाही. याला दोष म्हणावं का? पूर्ण नाही. ते गूढलेखनाचं विश्लेषण आहे, ग्राहकाची पाहणी नव्हे. मर्यादा आणि चूक यांत फरक करायला शिका, नाहीतर प्रत्येक परीक्षणात "लेखकांनी हेही करायला हवं होतं" एवढंच लिहाल. पण "फुटलं म्हणजे संपलं" असं वाचणाऱ्याला वाटतं, ते मात्र खटकतं. गणित फुटलं, लायसन्सचे करार फुटले नाहीत. त्यामुळे प्रत्येक नव्या बॉक्समध्ये तपासणी आहेच. पुढच्या आवृत्तीत आरएसए आणि एईएस आले, तपासणी आणखी कडक झाली.

आणि ती एकदाच होत नाही. जुन्या आवृत्तीत दर 128 फ्रेमनंतर, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, दोन्ही टोकं ताळा करतात. मध्ये साउंडबार असेल तर त्याने पुढच्या उपकरणांची यादी वर पाठवायची, आणि बॉक्स तिची पाच सेकंदच वाट बघतो. आमचा साउंडबार झोपेतून उठायला वेळ लावतो. बॉक्स थेट टीव्हीला जोडून आठवडाभर पाहिलं, एकदाही त्रुटी नाही. साउंडबार मध्ये घातला, तिसऱ्या दिवशी काळा पडदा. एका घरातला, एका साउंडबारवरचा पुरावा आहे हा, तेवढंच त्याचं वजन धरा.

सध्या बॉक्स टीव्हीला आणि साउंडबार ऑप्टिकल वायरने टीव्हीला, अशी जोडणी आहे. आवाज ओठांच्या किंचित मागे राहतो असं आई म्हणते. मला तो फरक जाणवत नाही, पण मोजलेला नाही.