दूरस्थ रंगमंच : रिचर्ड नेल्सन यांच्या एका नाटकाच्या निमित्ताने

करोनाकाळात नाट्यगृहे बंद झाल्यावर व्हिडिओ कॉलवरून अनेक नाटके सादर झाली. त्यांपैकी बहुतेकांत पडद्यावरील चौकटी म्हणजे रंगमंचाची तात्पुरती सोय होती. न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरने २९ एप्रिल २०२० रोजी झूमवरून सादर केलेले, रिचर्ड नेल्सन लिखित-दिग्दर्शित 'व्हॉट डू वी नीड टू टॉक अबाउट?' हे नाटक त्यास अपवाद ठरते. येथे अ‍ॅपल कुटुंबातील भावंडेच झूमवर भेटतात. साहजिकच व्हिडिओ कॉल हेच नाटकाचे घटनास्थळ होते. समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी तर कॅमेऱ्याकडे पाहावे लागते, आणि मग त्याचा चेहरा दिसत नाही. इतरत्र हा अभिनयातील दोष वाटतो. येथे ती पात्रांची व्यथा बनते. रुग्णालयातून नुकतीच परतलेली बार्बरा आणि तिच्याकडे राहणारा भाऊ रिचर्ड एका चौकटीत दिसतात. (या भूमिका करणारे मेरीअ‍ॅन प्लंकेट व जे ओ. सँडर्स प्रत्यक्षात पतिपत्नी असल्याने हे शक्य झाले.) बाकीचे तिला पाहू शकतात, जवळ घेऊ शकत नाहीत. प्रेक्षकांचे हसू मात्र नटांपर्यंत पोहोचत नाही. विनोदी वाक्यानंतरची ही पोकळी संहितेलाही भरून काढता आलेली नाही.