ओल्या गिलाव्यावरची नजर

कलावंतांवरचे माहितीपट मला आवडतात, पण जन्मगाव, गुरू, पुरस्कार या क्रमाने जाणारे फारसे लक्षात राहत नाहीत. सत्यजित राय यांचा ‘द इनर आय’ (१९७२) मात्र पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला, जेमतेम वीस मिनिटांचा. विषय आहे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी. शांतिनिकेतनात राय त्यांचे विद्यार्थी होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर, पन्नाशी उलटल्यावर, बिनोदबाबूंची दृष्टी पुरती गेली.

राय त्यांना कामातच दाखवतात. काळा चष्मा लावलेले बिनोदबाबू शांतिनिकेतनातल्या कलाभवनाच्या भित्तिचित्रासाठी आकृत्या घडवताहेत. बोटे कडांवरून फिरतात, थबकतात, पुन्हा फिरतात. निवेदन रायांचेच आहे. त्यांचा स्वर कुठेही हळवा होत नाही, आणि इथेच शिष्याचा आदर खरा वाटतो.

चित्रपटाचा प्राण आहे शांतिनिकेतनच्याच हिंदी भवनातले, १९४६–४७ मधले मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र. तीन भिंतींवर पसरलेल्या त्या विस्तारावरून कॅमेरा सावकाश सरकत जातो. संत, यात्रेकरू, गर्दी, नदी, घाट: एक आकृती दुसरीला हात देते आणि आपण पुढे ओढले जातो. हे चित्र फ्रेस्को पद्धतीचे. फ्रेस्कोत ओला गिलावा वाळण्याआधी रंग बसवावा लागतो, म्हणजे भिंत तुकड्यातुकड्यानेच रंगवायची. इथे तर आधी आराखडाही काढून घेतलेला नव्हता. आणि हे करणाऱ्याचा एक डोळा जन्मापासून निकामी, दुसरा कमालीचा अधू! एवढी भिंत एका नजरेत त्यांना कधी दिसलीच नसणार. सबंध चित्र होते ते मनात. रायही आपल्याला भिंत तशीच, तुकड्यांनी दाखवतात. जोडणी आपण करायची. ती करता करता मला उमगते की दृष्टी गेल्यावरही या माणसाचे काम चालू कसे राहिले. सबंध चित्र मनात धरण्याचा सराव त्याला जन्मभराचा होता. निवेदनात हे कुणी सांगत नाही, कॅमेऱ्याची चालच ते पटवते.

बिनोदबाबूंची नेपाळ, मसुरीतली वर्षे राय भराभर उरकतात. ते योग्यच आहे. वीस मिनिटांत भिंतीला वेळ द्यायचा तर प्रवासवर्णन आवरायलाच हवे. शेवटी निखिल बॅनर्जींची सतार आसावरी छेडते. आसावरी सकाळचा राग. दुसऱ्या कुणी दिग्दर्शकाने इथे सांजवेळेचा करुण राग निवडला असता.