श्रोता गेल्यानंतर
('कुसुमानिल' आणि 'दशपदी'च्या निमित्ताने)

आपल्या मराठी साहित्यात विरहाला तोटा नाही. तरुण प्रेमिकांची ताटातूट, अकाली वैधव्य, परगावी गेलेल्या धन्याची वाट पाहणारी घरधनीण या साऱ्यांचे अश्रू कवींनी आणि कथाकारांनी वारंवार टिपले आहेत. परंतु तीस-चाळीस वर्षांचा संसार झाल्यावर, मुले आपापल्या मार्गाला लागल्यावर, दोघांपैकी एकजण मागे उरतो, त्याची विचारपूस साहित्याने त्या मानाने कमीच केली आहे. आपल्या वऱ्हाडातील धर्मग्रामांत मात्र हा प्रश्न घरोघरी उभा आहे. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असतात. अकोला-अमरावतीच्या घरात दोन म्हातारी माणसे राहतात, आणि एके दिवशी त्यांतील एकच राहते. या एकट्या माणसाविषयी साहित्य आपणांस काय सांगू शकते, हे पाहण्यासाठी आम्ही वऱ्हाडातीलच एका दांपत्याकडे वळतो.

कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांचा जन्म १९०१ साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. कुसुमावती जयवंत यांचा जन्म १९०४ साली अमरावतीचा. दोघांचा विवाह १९२९ साली झाला. अनिलांनी मुक्तछंद मराठीत रुजविला. कुसुमावती नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. कथा, ललितलेख आणि समीक्षा या तिन्ही प्रांतांत त्यांनी मानाचे स्थान मिळविले. अनिल १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कुसुमावती १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, आणि हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. अनिल तेव्हा साठ वर्षांचे होते. त्यानंतर ते वीस वर्षांहून अधिक काळ जगले. ८ मे १९८२ रोजी त्यांची यात्रा संपली.

या वीस वर्षांविषयी सामान्य रसिकाला विचारले, तर तो बहुधा 'अजुनी रुसून आहे' या कवितेकडे बोट दाखवील. कुमार गंधर्वांच्या गळ्यातून ती घराघरांत पोहोचली, आणि पत्नीच्या मृतदेहाशेजारी बसून कवीने ती रचली, अशी आख्यायिकाही तिला चिकटली. आमच्या मते या आख्यायिकेने कवितेवर आणि कवीवर, दोघांवरही अन्याय केला आहे. कविता शांतपणे वाचावी. तिच्यातील रुसवा हा नवराबायकोंतला रुसवा आहे. तो समजून घेण्यासाठी घरात मृत्यू घडण्याची मुळीच आवश्यकता नाही. तरीही वाचकांना मृत्यू हवासा वाटला. आम्हांला वाटते, याचे कारण आपल्या सवयीत आहे. वृद्धाचे दुःख एका रात्रीच्या टाहोत बसवून टाकले, की पुढची वीस वर्षे आपणांस पाहावी लागत नाहीत. टाहो ऐकणे सोपे असते. त्यानंतरची वर्षानुवर्षांची शांतता ऐकणे कठीण असते.

ती शांतता ऐकायची असेल, तर अनिलांनी पुढे काय प्रकाशित केले हे पाहावे लागते. १९७२ साली त्यांनी 'कुसुमानिल' हा ग्रंथ वाचकांपुढे ठेवला. १९२२ सालापासून विवाहापूर्वी दोघांनी एकमेकांना लिहिलेली ही पत्रे. सत्तरी गाठलेला कवी पन्नास वर्षांपूर्वीची पत्रे जगापुढे मांडतो, यात भाबडी भावुकता पाहणारे असतील. आम्ही त्यात एक गरज पाहतो. पत्राचे वैशिष्ट्य हे, की ते उत्तराची अपेक्षा धरून लिहिलेले असते. 'कुसुमानिल'मध्ये ते उत्तर येते. एक बोलतो, दुसरी प्रत्युत्तर देते. एक अडतो, दुसरी समजावते. ज्याच्या घरात आता प्रत्युत्तर उरलेले नाही, अशा माणसाने दोन आवाजांचे पुस्तक सिद्ध करावे, हे आम्हांस फार बोलके वाटते. बत्तीस वर्षांच्या सहजीवनानंतर साथीदार जातो, तेव्हा प्रेमाचा विषय हरपतोच. पण त्याहूनही खोलवर, आपले बोलणे ज्याच्याशी सुरू असते तो श्रोता हरपतो. आपली जुनी गोष्ट अर्ध्या शब्दात ओळखणारा साक्षीदार नाहीसा होतो. नवीन माणसाला प्रत्येक गोष्ट आरंभापासून सांगावी लागते, आणि म्हाताऱ्या माणसाला तेवढे बळ नसते.

तरीही 'कुसुमानिल'विषयी आमची एक तक्रार आहे, आणि ती कुसुमावतींच्या बाजूने आहे. या ग्रंथातील कुसुम ही महाविद्यालयीन वयाची, प्रेमात पडलेली मुलगी आहे. १९६१ साली अनिलांनी जी गमावली, ती सत्तावन्न वर्षांची विदुषी होती. 'पासंग'ची समीक्षक होती. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा चिकित्सक आढावा घेणारी अभ्यासक होती. पत्रांचा ग्रंथ पत्रांच्या काळाशी बांधलेला असतो, हे मान्य. परंतु केवळ तोच वाचून कुसुमावती समजल्या असे मानणाऱ्या वाचकाने दिवंगत पत्नीला पुन्हा नवरी करून टाकले, असे म्हणावे लागते. आपल्या घरांतही हेच घडते. भिंतीवर लग्नातला फोटो लागतो. शेवटच्या दहा वर्षांत औषधाच्या वेळा सांभाळणारी, हिशेबाच्या वहीवरून वाद घालणारी बाई त्या चौकटीत कोठेच नसते. मागे उरलेल्या म्हाताऱ्याला आठवते ती मात्र हीच बाई.

येथे ख्रिस्ती वाचकांना लक्ष्मीबाई टिळकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले, तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या सुमाराच्या होत्या. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्ण केले, आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागाने प्रसिद्ध झाली. या पुस्तकातील टिळक तापट आहेत, विसरभोळे आहेत, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे आहेत. लक्ष्मीबाई त्यांच्यावर रागावतात, त्यांना हसतात आणि त्यांच्यावर प्रेम करतात. गेलेल्या माणसाला त्यांनी गुळगुळीत केले नाही. म्हणून तो वाचकाच्या मनात जिवंत राहिला. या बाबतीत 'स्मृतिचित्रे'चे पारडे आम्हांस 'कुसुमानिल'पेक्षा जड वाटते. कुसुमावतींनी स्वतः रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे इंग्रजी भाषांतर केले होते. ते त्यांच्या पश्चात, १९६३ साली प्रसिद्ध झाले. मागे उरलेल्या पत्नीचे शब्द परभाषेत नेणारी लेखिका आधी गेली आणि पती मागे उरला, हा योग मनाला चटका लावतो.

अनिलांचे खरे उत्तर आम्हांस सापडते ते 'दशपदी'त. हा संग्रह १९७६ साली आला आणि त्यास पुढल्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. दहा ओळींच्या या रचनाप्रकाराचा जन्मच वियोगातून झाला, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. तसे म्हटल्यास वर दूषण दिलेल्या आख्यायिकेचीच पुनरावृत्ती होईल. आमचे म्हणणे एवढेच, की उतारवयातील एकाकी मनाला हा घाट शोभला. 'भग्नमूर्ती'सारखे दीर्घकाव्य लिहिणारा कवी येथे दहा ओळींत थांबतो. बोलावे, पण फार नाही. आठवावे, पण आठवणीत बुडून जाऊ नये, असे हे मोजके बोलणे आहे. मर्यादा आखून घेणे हाच येथे दुःख वागविण्याचा मार्ग झाला आहे. जे घरी एकटे राहतात त्यांना हे सांगावयास नको: ठरलेल्या वेळेचा चहा, ठरलेला फेरफटका, ठरलेली प्रार्थना यांच्या कुंपणातच दिवस उभा राहतो.

कुसुमावती गेल्या त्याच १९६१ साली इंग्लंडमध्ये सी. एस. लुइस यांनी पत्नीवियोगावरील आपले टिपण टोपणनावाने प्रसिद्ध केले. श्रद्धावंत माणसालाही दुःखात देवाचे दार बंद भासते, हे त्यांनी लपविले नाही. पुढे १९६९ साली कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांचे सहकारी यांनी पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी अधिक आढळले. कवी ज्याला शांतता म्हणतो, तिची अशी मोजदाद वैद्यकाने केली आहे.

या आकड्यापुढे आपली रीत ठेवून पाहावी. अंत्यविधीला सारा धर्मग्राम लोटतो. महिन्याची मिस्सा होते, पाहुणे पांगतात, मुलांची रजा संपते, आणि संकटाच्या सहा महिन्यांतील पाच अद्याप शिल्लक असतात. "देवाची इच्छा" हे वाक्य खरे असले, तरी ते म्हणून आपण निरोप घेतला, तर श्रोता गेलेल्या माणसाला आपण दुसऱ्यांदा एकटे टाकतो. "आता आमच्याकडेच चला" हा आग्रहही प्रत्येक वेळी प्रेमाचाच ठरेल असे नाही. ज्या घरातील प्रत्येक भांड्याला साथीदाराचा हात लागला आहे, ते घर सोडणे म्हणजे उरलेला साक्षीदारही गमावणे होय. त्याला त्याच्या घरी राहू द्यावे. पण तेथे जाऊन बसावे, गेलेल्या माणसाचे नाव न कचरता घ्यावे, त्याच्या खोड्या विचाराव्या, तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकावी. आणि जमल्यास काही काम हाती द्यावे. लक्ष्मीबाईंना 'ख्रिस्तायन' होते, अनिलांना पत्रांचे गाठोडे होते. प्रत्येक घरात काही ना काही अपुरे राहिलेले असतेच.

नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. कुसुमावतींचा जन्म आणि मृत्यू दोन्ही याच महिन्यातले. कबरीवर मेणबत्ती लावून परतताना, तिच्यापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला सोबत करीत त्याच्या घरापर्यंत जावे, आणि तो बोलू लागला तर दारातून घाईने वळू नये.