शाप, अभिशाप आणि उःशाप

चंडीगडसारख्या शहरी वाढणाऱ्या मराठी मुलांच्या निबंधवह्या चाळताना ‘विज्ञान : वरदान या अभिशाप’ हा मथळा हटकून दृष्टीस पडतो. त्याचे आम्हांस नवल वाटत नाही. हिंदीत तो प्रयोग रूढच आहे. परंतु हा ‘अभिशाप’ आता मराठी लेखांत, क्वचित आपणां अधिकारीवर्गाच्या टिपणांतही डोकावू लागला आहे. म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य वाटते.

संस्कृतातून आलेला प्रत्येक शब्द सारखाच उपयुक्त असतो, ही समजूत भाबडी आहे. ‘अभिशाप’ म्हणजे शाप हा अर्थ संस्कृतात आढळतो खरा. पण अमरकोशकारांनी त्याचा अर्थ ‘खोटा आरोप’ असा दिला आहे. हिंदीने त्यास ‘मोठी आपत्ती’ या अर्थी भारदस्तपणा दिला, पंजाबीने शापाचा ‘सराप’ केला. ज्याची त्याची भाषा. आमचा प्रश्न एवढाच की, मराठीस त्याची गरज काय?

मराठी ‘शाप’ हा नुसता संकटाचा वाचक नाही. शाप म्हटला की तो देणारा आला, ज्यासाठी दिला तो प्रमाद आला. ‘शाप’ आणि ‘शपथ’ हे एकाच ‘शप्’ धातूचे शब्द. शपथ म्हणजे वचन मोडल्यास आपण होऊन ओढवून घेतलेला शापच. आमच्या जुन्या सनदांत पुढील अंमलदाराने इनाम मोडू नये म्हणून हिंदूस गाईची व मुसलमानास सुवराची शपथ घातलेली आढळते. शिलाहारकालीन गद्धेगाळींवर तर दान मोडणाराविषयीची शिवी दगडात कोरलेली आहे. सरकारी कागदाचा आणि शापाचा संबंध असा जुना आहे.

शापाला मुदतही असते. मेघदूतातील यक्ष कर्तव्यात चुकला आणि स्वामीच्या शापाने वर्षभर दूर धाडला गेला. दूरच्या नेमणुकीची याहून चांगली कथा कोणती? सनदी सेवेत आयुष्य घालविलेल्या चिंतामणराव देशमुखांनी या काव्याचा मराठी अनुवाद केला, हे आम्हांस साजेसेच वाटते. गंमत अशी की, यक्षाचे घर उत्तरेस हिमालयात, आणि त्याची शिक्षेची जागा रामगिरी ही वा. वि. मिराशींच्या मते नागपूरनजीकचे रामटेक! त्याचा वनवास म्हणजे आमचे माहेर. आणि येथे शिवालिकाच्या पायथ्याशी बसून आम्ही त्याच्या उलट दिशेस पाहतो.

शिवाय मराठीपाशी ‘उःशाप’ हा सुंदर शब्द आहे. शापातून सुटण्याची वाट त्यात आहे. ‘अभिशापा’च्या शेजारी तो बसत नाही. ‘दारिद्र्य हा समाजावरील अभिशाप आहे’ असे लिहिले की कोणी दिला, कोणत्या चुकीसाठी, सुटका कशी, हे सर्व प्रश्न मिटतात. दोष आकाशाकडे जातो आणि लेखणी मोकळी होते. आमचा आक्षेप आहे तो या मोकळेपणास.

कोणी स्नेही आपल्या बदलीस शाप म्हणू लागला, तर आम्ही हसून सोडून देऊ. त्या शापास निदान मुदत आहे. पण टिपणात त्याने दुष्काळास ‘अभिशाप’ म्हटले, तर त्यास अवश्य विचारू : महाराज, शाप कोणाचा, आणि उःशाप देणे कोणाच्या हाती?