परदेशवासाचे वाङ्मय : डॉ. कोटणीस यांच्या निमित्ताने

मराठी प्रवासवर्णनांचे परीक्षण करताना आपण लेखकाची विनोदबुद्धी, निसर्गवर्णनाची हातोटी, शैलीची प्रसन्नता यांचा विचार अगत्याने करतो. लेखक त्या देशात कोणत्या नात्याने वावरला, हा प्रश्न मात्र टीकाकार क्वचितच विचारतो. वास्तविक या प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून असते. पाहण्यासाठी गेलेल्या मनुष्याला परके नगर आपण होऊन दर्शन देते. त्याच्या स्वागतासाठी ते जणू सजलेलेच असते. कामासाठी गेलेल्या मनुष्याला तेच नगर कामाच्या ओघात, तुकड्यातुकड्यांनी आणि बहुधा गैरसोयींच्या रूपाने कळत जाते. पहिल्याच्या अनुभवाला प्रवास म्हणावे आणि दुसऱ्याच्या अनुभवाला परदेशवास. या दोहोंतून निर्माण होणारे वाङ्मय एकाच मापाने मोजले, की दुसऱ्यावर अन्याय होतो.

भिलाईच्या सेक्टर २ मध्ये राहणाऱ्या वाचकाला हा भेद फार विस्ताराने समजावून सांगावा लागू नये. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या काळात आणि पुढेही सोव्हिएत तंत्रज्ञ मोठ्या संख्येने दुर्ग जिल्ह्यात येऊन राहिले. हिंदुस्थान पाहणे हे त्यांच्या येण्याचे प्रयोजन नव्हते. ज्या हिंदुस्थानाशी त्यांचा नित्य संबंध आला तो भट्टीपाशी, नकाशांच्या मेजापाशी आणि दुभाष्याच्या मध्यस्थीने आला. ताजमहालापुढे उभ्या राहिलेल्या परदेशीय प्रवाशाचा हिंदुस्थान आणि दल्ली-राजहऱ्याच्या खनिजाची प्रत पारखणाऱ्या तंत्रज्ञाचा हिंदुस्थान हे दोन निराळे देश आहेत.

हाच प्रश्न उलट दिशेने विचारला, म्हणजे आपल्याकडचा तरुण कामासाठी परक्या देशी गेला तर काय घडते असे पाहिले, तर मराठी मनाला प्रथम आठवते ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चीनमधील वास्तव्य. १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले आणि मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकाबरोबर निघाले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावे वर्ष चालू होते. पथकात डॉ. अटल हे प्रमुख होते; नागपूरचे वडीलधारे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे इतर सहकारी. कँटन, हँकौ, यांगत्सेवरील इचांग, चुंगकिंग आणि पुढे शिआनवरून येनान, अशी त्यांची वाट होती. कोणत्याही प्रवासी लेखकाला हेवा वाटावा असा हा मार्ग! महानदीचे खोरे, डोंगरांतून जाणारे रस्ते, गुहांतून वसलेली येनानची वस्ती. पण या वाटेवर विमानांचे बाँब पडत होते, आणि चुंगकिंगमध्येच कोटणीस यांना पित्याच्या निधनाची वार्ता कळली. ते परत फिरले नाहीत. पुढे वूताई डोंगराच्या आघाडीवरील प्रदेशात जाऊन १९४१ च्या आरंभी त्यांनी बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा उचलली. त्याच वर्षाच्या अखेरीस क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या विकाराने, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांचा पुत्र तेव्हा काही महिन्यांचा होता.

या चरित्राचे वाङ्मयीन भवितव्य काय झाले? ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक १९४४ साली निघाले, आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराने ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट आणला. कोटणिसांचे नाव घरोघरी गेले ते मुख्यतः या चित्रपटामुळे. शांतारामांनी नायकाची आणि जयश्रीबाईंनी नायिकेची भूमिका केलेल्या या कृतीचे ऐतिहासिक मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परतंत्र देशाने दुसऱ्या पीडित देशाला मदतीचा हात दिला, हे तिने लक्षावधी प्रेक्षकांच्या मनावर बिंबविले. परंतु समीक्षकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. या चित्रपटातील चीन हिंदुस्थानी बोलतो. व्यापारी चित्रपटाला ही सोय अपरिहार्य होती हे मान्य. पण या सोयीने नेमके काय वगळले गेले, हा खरा प्रश्न आहे.

वगळले गेले ते कोटणिसांचे सर्वांत अवघड काम. रोग्याची भाषा न येणारा वैद्य अर्धा आंधळा असतो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे कळली नाहीत तर त्याची सारी विद्या खोळंबून राहते. कोटणीस चिनी भाषा शिकले ती वाङ्मयाच्या आवडीने शिकले असे नव्हे. जखमी सैनिकाच्या उशाशी उभे राहून ती त्यांना शिकावी लागली. पुढे त्यांनी वैद्यक शाळेतील विद्यार्थ्यांना चिनी भाषेतूनच शिकविले. परकी भाषा प्रथम हत्यार म्हणून हाती घ्यावी आणि हळूहळू तिनेच आपल्याला घडवावे, हा परदेशवासाचा गाभा होय. प्रवाशाच्या वाट्याला तो येत नाही, कारण प्रवाशाला दुभाषा पुरतो. चित्रपटात प्लेगच्या साथीला आणि जपान्यांच्या कैदेला ठळक स्थान मिळाले, आणि लोककथेत सलग बहात्तर तास न झोपता केलेल्या शस्त्रक्रियांची आख्यायिका रुजली. पण एका सोलापूरकराच्या जिभेवर नवी भाषा कशी बसली, याची कथा कोणी रंगविली नाही. पराक्रमाला प्रेक्षक मिळतो. अभ्यासाला मिळत नाही.

यावर असा आक्षेप येईल, की हातात शस्त्रक्रियेची सुरी असलेल्या मनुष्याने लेखणी केव्हा धरावी? कोटणिसांनी सविस्तर ग्रंथ लिहिला नाही हा त्यांचा दोष म्हणता येईल काय? मुळीच नाही. परंतु काम आणि लेखन यांचे वैर स्वयंसिद्ध मानण्याचेही कारण नाही. बॉक्सर बंडाच्या वेळी राजपूत पलटणीबरोबर चीनला गेलेले ठाकूर गदाधर सिंह हे तर शिपाईगडी. तरी १९०२ साली ‘चीन में तेरह मास’ हा हिंदी ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला. साम्राज्याच्या चाकरीत असूनही जिंकलेल्या चिन्यांविषयी या ग्रंथात सहानुभूती उमटली, ती त्यांच्या चाकरीनेच दाखविलेल्या दृश्यांमुळे. खुद्द कोटणिसांचे सहकारी डॉ. बसू यांनी दैनंदिनी ठेवली, आणि ती १९८६ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने आली. कोटणिसांचे बंधू मंगेश कोटणीस यांचे चरित्र आणि क्वो छिंगलान यांच्या आठवणीही उपलब्ध आहेत. तेव्हा सामग्रीचा दुष्काळ आहे असे म्हणता येत नाही. ही सामग्री कोणत्या दृष्टीने वाचावयाची, हे आपण ठरविलेले नाही.

मराठीत या दृष्टीचा वारसा नाही असेही नाही. पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे १८८९ चे पुस्तक घ्यावे. शीर्षकात ‘लोकस्थिती’ आधी आहे आणि ‘प्रवासवृत्त’ नंतर. हा क्रम अर्थपूर्ण आहे. रमाबाई अमेरिकेत शाळा पाहतात, स्त्रियांच्या संस्था पाहतात, राज्यकारभार समजावून घेतात. कारण परत आल्यावर त्यांना स्वतः एक संस्था उभारावयाची होती. त्यांचे पाहणे कामाने बांधलेले आहे. त्यामानाने पुढील काळातील आपले प्रवासवर्णन अधिक लालित्यपूर्ण झाले. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाने त्याला आधुनिक डौल दिला, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. देशपांडे विलायतेला गेले ते दूरचित्रवाणीचे शिक्षण घेण्यासाठी. पण वाचकाच्या मनात घर करून राहतो तो मिस्किल प्रेक्षक. हा त्या पुस्तकाचा गुणच आहे. मात्र या गुणाच्या मोहाने रमाबाईंची वाट मागे पडली, हे नमूद केले पाहिजे.

याचा परिणाम केवळ वाङ्मयापुरता राहत नाही. १९६२ च्या युद्धानंतर भारत-चीन मैत्रीची घोषणा विरून गेली, आणि पुढे संबंध सुधारू लागले तेव्हा उभय देशांच्या नेत्यांना कोटणिसांचे नाव वारंवार उपयोगी पडले. श-च्याच्वांगला त्यांचा पुतळा आहे, सोलापुरात स्मारक आहे. भिलाईतही सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ सालची मैत्रीबाग आहे. स्मारकांचा अनादर करण्याचे कारण नाही. कृतज्ञता व्यक्त करण्याची ती सर्वमान्य रीत आहे. पण पुतळा मैत्री झाली एवढेच सांगतो. ती कशी झाली, कोणत्या गैरसमजांतून, कोणत्या चुकलेल्या शब्दांतून, कोणत्या सामायिक थकव्यातून झाली, हे सांगण्याचे सामर्थ्य केवळ वाङ्मयात आहे. वाङ्मयाने ते सांगितले नाही, तर मैत्री ही सरकारांची मालमत्ता होते आणि सरकारांच्या लहरीनुसार तिची किंमत चढते वा उतरते.

म्हणून परदेशवासाच्या लेखनासाठी समीक्षेने निराळे प्रश्न विचारावयास हवेत. लेखकाने किती स्थळे पाहिली, यापेक्षा त्याला तेथील लोकांच्या किती उपयोगी पडता आले? त्याच्या वाक्यांत त्या देशाच्या कामाची भाषा कितपत उतरली? यजमान त्याच्यावर केव्हा रागावले, आणि केव्हा त्याला परका समजेनासे झाले? आज चीनमध्ये शिकणारे आणि नोकरी करणारे भारतीय तरुण आहेत, आणि सुटीत ते महाभिंतही पाहून येतात. त्यांच्यापैकी कोणी मराठीत लिहू लागला, तर भिंतीचे वर्णन त्याने अवश्य करावे. ते वाचकाला आवडेलही. पण त्याच्या लेखनाचे मोल ठरेल ते सोमवारी सकाळी तो कामावर परतल्यानंतरच्या पृष्ठांवर. कोटणिसांच्या आयुष्यातील अशी सोमवारची पृष्ठे बसूंच्या दैनंदिनीतून आणि क्वो छिंगलान यांच्या आठवणींतून वेचून मराठीत आणणे, हे त्यांच्या स्मृतीसाठी आज करण्याजोगे पहिले काम आहे.