बांडगुळाचा माळी आणि 1931चा एक निबंध

जुहू स्कीमच्या गल्लीत आंब्याखालून जाताना 'चिक्-चिक्-चिक्' असा कोरडा आवाज आला तर वर बघा. पक्षी दिसेलच असं नाही. टिकेलचा फुलटोचा जेमतेम आठ सेंटिमीटरचा, अंगानं मळकट राखाडी. (शास्त्रीय नावाचा अर्थ 'लाल चोचीचा', चोच मात्र फिकट मांसल रंगाची. असो.)

या चिमुकल्यावर सालिम अलींनी 1931 साली बीएनएचएसच्या जर्नलमध्ये निबंध लिहिला. विषय होता कोकणातल्या बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्यांचा वाटा. कामाची वाटणी थोडक्यात अशी: शिंजीर मधासाठी कळी चिमटतो, ती फटकन उघडते, पराग त्याला चिकटतात. फुलटोचा फळ गिळतो. बी इतकं चिकट की बाहेर पडताना त्याला बूड फांदीला घासावं लागतं, आणि बी तिथंच बसतं. एवढ्या बारक्या पक्ष्यांना प्रश्नाच्या मध्यभागी आणणं हे या निबंधाचं मोठेपण.

माझी तक्रार शीर्षकापासून सुरू होते. त्यात वनस्पती 'वृक्ष-परोपजीवी' आहे. आपण मराठीत तर 'बांडगूळ' ही शिवीच करून ठेवली! मग प्रश्न आपोआप 'हा रोग कोण पसरवतो?' असा होतो आणि पक्षी साथीदार ठरतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन यांनी उलटं करून पाहिलं. काही रानांतली बांडगुळं काढून टाकली. तीन वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या जाती कमी झाल्या. 2012 साली हे छापून आलं.

दुसरी अडचण पद्धतीची, आणि ती माझ्यासकट खालून दुर्बीण लावणाऱ्या सगळ्यांची. पक्षी कुठे खातो ते आपल्याला दिसतं. बी कुठे टाकतो ते क्वचितच, आणि त्यातलं कुठलं जगलं ते तर वर्षभरानंतर. एका आंब्यावर दहा बांडगुळं आणि शेजारच्या झाडावर एकही नाही, म्हणून 'फुलटोच्याला आंबा आवडतो' म्हणायचं का? कदाचित बिया दोन्हीकडे पडल्या असतील, शेजारच्या सालीत मुळं शिरलीच नसतील. किंवा फळं आंब्यावर म्हणून पक्षी तिथंच रेंगाळतो, आणि दहाची वीस होतात. नुसती बांडगुळं मोजून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. त्यासाठी दोन्ही झाडांवर हातानं सारख्या बिया चिकटवाव्या लागतात आणि थांबावं लागतं.